घडी मोडलेले कपडे

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका कापड दुकानात एकतीस वर्षं गादीवर बसले. मालक म्हणून नव्हे, कामाला होते. गिऱ्हाईक उंबऱ्याशी चप्पल काढून गादीवर टेकलं की आधी पाणी, मग "काय दाखवू?" हा प्रश्न, आणि मग फळीवरून तागे खाली यायला लागायचे. तागा गादीवर पडतानाचा तो धप्प आवाज, दोन पलट्यांत उलगडलेलं कापड, कात्रीची एक बारीकशी चीर आणि टर्रकन फाडलेला पीस. शाळा सुटली की मी दुकानाच्या कोपऱ्यात बसून हे सगळं बघायचे. गिऱ्हाईक रंगात गुंतलेलं असलं की आण्णा कापडाची कड त्याच्या हातात द्यायचे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून हलकेच चोळायला सांगायचे. "कापड डोळ्यानं बघायचं नसतंय, हातानं बघायचं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुठल्याही दुकानात शिरले की माझी दोन बोटं आपोआप पुढे होतात.

अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला आलो तेव्हा नोव्हेंबर होता. दुपारी तीनला दिवे लागले होते आणि माझ्या अंगावर पुण्याहून आणलेलं जाकीट होतं, जे इथे पहिल्याच दिवशी हरलं. म्हणून कोट घ्यायला गेले. दुकानात शिरले तेव्हा हँगर सरळ करणारी एक मुलगी माझ्याकडे बघून "हेय" म्हणाली, हसली आणि परत हँगर सरळ करायला लागली. मी उभी राहिले. कुणीतरी येईल, विचारेल, दाखवेल. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी आलं नाही. मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे दुकानात दखल न घेणं म्हणजे "तुमच्याच्यानं घेणं होणार नाही" असं सांगणंच की. त्या दिवशी मी काहीही न घेता घरी आले आणि आण्णांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "गिऱ्हाईकाला पाणीबी विचारलं नाही?"

इथे माणसाला एकटं सोडणं हाच मान आहे, हे समजायला मला एक हिवाळा लागला. दुकानदार मागे मागे फिरत नाही कारण तुमच्या वेळेवर आणि तुमच्या खिशावर त्याला हक्क सांगायचा नसतो. विचारलंत तर मात्र ती मुलगी हातातलं काम टाकून येईल, शिवण दाखवेल, लोकर किती टक्के आहे ते वाचून सांगेल, आणि "हा तुमच्यासाठी नाही, खांद्यात मोठा होतोय" असंही तोंडावर सांगेल. विकण्यासाठी खोटी स्तुती मी इथे फार क्वचित ऐकली. किमतीच्या चिठ्ठीवर जो आकडा तोच द्यायचा, कर त्यातच धरलेला. घासाघीस नाही. सुरुवातीला मला हे सगळं कोरडं वाटायचं, आता त्यात एक शांतपणा वाटतो. पण गादीवरचं ते पाणी अजूनही आठवतं, ते खोटं कशाला सांगू.

शेजारच्या आजींनी मला कपडे घ्यायला शिकवलं. स्वीडिश भाषेत एक म्हण आहे, हवा आणि कपडे या शब्दांचं यमक जुळवून केलेली: वाईट हवा अशी नसतेच, वाईट कपडे असतात. नॉर्वेतही हीच म्हणतात. आजींनी माझं कपाट उघडून बघितलं आणि शांतपणे सांगितलं की यातलं काहीच चालणार नाही. अंगाला लागून बारीक लोकरीचा थर, त्यावर ऊब धरणारा, त्यावर वारा आणि पाणी अडवणारा. मी आजवर सणाला कपडे घेत आले होते. दिवाळी, पाडवा, कुणाचं लग्न. ऋतूला कपडे घेणं मला नवीन होतं. इथे रस्त्यावर सगळे काळ्या, करड्या, गडद निळ्या कोटांत दिसतात, आणि पाहुण्यांना ते उदास वाटतं. पण जो कोट वर्षातले सहा महिने रोज अंगावर असणार, तो दहा वर्षं डोळ्यांना खुपणार नाही असाच माणूस निवडतो.

स्टॉकहोममध्ये हामनगाटन या रस्त्यावर नॉर्दिस्का कोम्पानियेत नावाचं मोठं जुनं दुकान आहे, सगळे त्याला नुसतं एनको म्हणतात, अक्षरं एन आणि के, फक्त इथे के चा उच्चार को. १९०२ साली योसेफ सॅक्स यांनी ही कंपनी उभी केली आणि आत्ताची इमारत १९१५ साली उघडली, वास्तुशिल्पी फर्डिनांड बूबेरी. आत शिरलं की मधोमध वरपर्यंत मोकळा उजेडाचा चौक आणि भोवती मजल्यामजल्यांच्या गॅलऱ्या, आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या चौकासारखं काहीतरी, फक्त चारी बाजूंनी दुकानं. छपरावरच्या गोल फिरणाऱ्या घड्याळासाठी ही इमारत ओळखली जाते. नाताळच्या आधी रस्त्याकडच्या काचांमागे हलत्या बाहुल्यांचे देखावे लावतात आणि आईबाप लहान पोरांना काचेशी उभं करतात. गणपतीचे देखावे बघत हिंडलेल्या माणसाला ती गर्दी लगेच ओळखीची वाटते.

पण मला एनको आवडतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तिथे एकेकाळी स्वतःचं शिवणघर होतं, फ्रेंच पद्धतीचं बायकांच्या कपड्यांचं. पॅरिसहून नमुने यायचे आणि इथे मापं घेऊन शिवले जायचे. १९६६ साली ते बंद झालं, कारण तोवर तयार कपड्यांनी शिवून घेण्याला हरवलं होतं. १९३७ साली त्याच दुकानात कापडाचा एक स्वतंत्र विभाग सुरू झाला होता, टेक्स्टिलकामारे, म्हणजे कापडाची खोली. आस्त्रिद साम्पे या बाईंनी तो कित्येक वर्षं चालवला आणि नामवंत कलाकारांकडून कापडावरचे नमुने काढून घेतले. एका मोठ्या दुकानाने नुसतं कापड विकायचं सोडून कापडाचा विचार करायला एक खोली दिली, ही गोष्ट मी आण्णांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ फोनवर गप्प होते. त्यांच्या दुकानातली गादी २००४ मध्ये निघाली. काचेचे काउंटर आले, रेडिमेड शर्टांची खोकी आली, आणि शेवटची काही वर्षं आण्णा उभे राहून खोकी काढून देत होते.

एनकोपासून थोडं चालत गेलं की ह्योटोरियेत हा चौक लागतो. तिथे पूब नावाचं दुसरं जुनं दुकान होतं, पाऊल यू. बेरिस्त्रोम यांनी १८८२ साली सुरू केलेलं. ग्रेटा गुस्ताफसन नावाची एक गरीब घरची मुलगी १९२० साली तिथे कामाला लागली, टोप्यांच्या विभागात. दुकानाच्या कॅटलॉगमध्ये टोप्या घालून तिचे फोटो छापले गेले. पुढे जग तिला सिनेमातली नटी ग्रेटा गार्बो म्हणून ओळखायला लागलं. आता त्या इमारतीत हॉटेल आहे, पण समोरच्या चौकात अजून भाजीचा आणि फुलांचा बाजार भरतो.

इथल्या दुसऱ्या वर्षी मी एका मोठ्या साखळी दुकानात नाताळच्या सुट्टीपुरतं काम धरलं. नाव सांगत नाही, कारण मला जे दिसलं ते कुठल्याही साखळी दुकानात दिसलं असतं. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून इथे मोठा सेल लागतो. लोक सकाळपासून येतात, टेबलावरचे स्वेटर उचलतात, अंगाला लावून बघतात आणि टाकतात. माझं काम घड्या घालायचं. त्यासाठी एक प्लास्टिकची पाटी मिळायची. पाटी पाठीवर ठेवायची, दोन्ही बाजू आत, खालून वर, पाटी ओढून काढायची. सगळ्या घड्या एका मापाच्या. मी एका टोकापासून घड्या घालत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा विस्कटलेलं असायचं. दिवसाला किती घातल्या ते मोजलं नाही, पण रात्री झोपेतही हात चालायचे.

त्याच दिवसांत मला इथला एक रिवाज जवळून बघायला मिळाला. ओपेत शोप, शब्दशः उघडी खरेदी. घेतलेली वस्तू ठरावीक दिवसांत, साधारण महिनाभरात, चिठ्ठी अजून लटकत असेल आणि पावती जवळ असेल तर परत करा, पैसे परत मिळतील. कारण विचारत नाहीत. दुकानावर हे कायद्याने बंधन नाही, पण बहुतेक दुकानं पाळतात. नाताळनंतर परत करणाऱ्यांची रांग कधीकधी घेणाऱ्यांच्या रांगेपेक्षा लांब असायची. माझ्या मनात या रिवाजाबद्दल दोन्ही बाजू आहेत. गिऱ्हाईकावर एवढा विश्वास टाकणं सुंदर आहे. पण एकाच वेळी तीन मापांचे तीन कपडे घेऊन जायचे आणि दोन परत आणायचे, ही सवय त्यातूनच लागते, आणि त्या परत आलेल्या ढिगापुढे मी उभी राहिलेली आहे. मराठीत नवा कपडा पहिल्यांदा घालण्याला आपण घडी मोडणं म्हणतो. आई म्हणायची, शुक्रवारी घडी मोडू, देवळात जाताना मोडू. घडी मोडली की तो कपडा आपला झाला, मागे फिरणं नाही. इथे एकाच स्वेटरची घडी दिवसातून चाळीस वेळा मोडताना मी बघत होते आणि तो कुणाचाच होत नव्हता.

स्वस्त तयार कपड्यांच्या आजच्या जगाचं एक मूळ याच देशात आहे, हे तोवर मला माहीत नव्हतं. स्टॉकहोमहून तासाभराच्या अंतरावर व्हेस्तेरोस नावाचं गाव आहे. तिथे १९४७ साली एर्लिंग पेरशोन यांनी बायकांच्या कपड्यांचं दुकान काढलं, नाव हेन्नेस, म्हणजे "तिचं". १९६८ साली त्यांनी स्टॉकहोममधलं माउरित्झ विदफोर्स हे शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान विकत घेतलं. त्याच्याबरोबर पुरुषांचे कपडेही आले आणि नाव झालं हेन्नेस अँड माउरित्झ. एच अँड एम ते हेच. २०१५ साली त्यांनी भारतातलं पहिलं दुकान दिल्लीला उघडलं. गोथेनबर्गचं कापआल हे दुकानही याच पिढीतलं, १९५३चं, नावातच कापा म्हणजे बायकांचा कोट आणि मालकाचं आडनाव आल यांची जोड. युद्धानंतर पगार हातात येऊ लागलेल्या साध्या बाईलाही नवा कोट घेता यावा, एवढी ती इच्छा होती. ती इच्छा मला अजिबात चूक वाटत नाही. माझ्या आईच्या लग्नातल्या शालूनंतर तिला दुसरी भारी साडी अठरा वर्षांनी मिळाली होती. पण तिथून निघालेली वाट जिथे पोचली, ती जागा मी त्या सेलच्या टेबलाशी बघितली. कडेच्या शिवणीतली लेबलं वाचायची मला सवय लागली. बांगलादेश, तुर्कस्तान, चीन, भारत. स्वीडन कुठेच नव्हतं.

स्वीडन का नव्हतं ते बोरोस या पश्चिम स्वीडनमधल्या कापडाच्या शहरात गेल्यावर कळलं. माझ्या आईचं माहेर इचलकरंजी, मागांचं गाव, त्यामुळे बोरोसला जायची मला ओढ होती. पश्चिमेकडचा हा सगळा मुलूख फिरत्या कापडविक्यांचा. त्यांना क्नाल्ले म्हणतात. जमीन खडकाळ, पीक थोडं, म्हणून घरोघरी विणायचं आणि पुरुषांनी ते कापड घोड्यावर किंवा पाठीवर घेऊन देशभर विकत फिरायचं. शहरातले व्यापारी त्यांच्यावर चिडायचे, कारण तेव्हा शहराबाहेरच्या माणसाला व्यापाराची मुभा नव्हती. शेवटी राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने १६२१ साली बोरोसला शहराची सनद दिली, म्हणजे या विक्यांना कायद्यात बसून धंदा करता येईल. कापड विकणाऱ्या पायी माणसांसाठी वसवलेलं शहर! पुढे तिथे गिरण्या आल्या, शिवणकामाचे कारखाने आले, टपालाने कपडे पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. १९०७ साली सुरू झालेला आल्गोट्स हा कपड्यांचा मोठा कारखाना १९७७ साली दिवाळ्यात निघाला. काम स्वस्त मजुरीच्या देशांत निघून गेलं होतं आणि शिवणाऱ्या बायका घरी बसल्या. मुंबईच्या गिरण्यांचा संप त्यानंतर पाचच वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. कारणं वेगळी होती, माणसं वेगळी होती, आणि तरी बोरोसच्या रस्त्यावर मला परळची आठवण येत राहिली.

फरक नंतरच्या गोष्टीत आहे. फिनिक्स मिलच्या जागेवर आपण मॉल बांधला. बोरोसमध्ये कृत्रिम रेशमाच्या जुन्या गिरणीच्या जागेत आता कापडाचं शिक्षण देणारी संस्था आणि कापडाचं संग्रहालय आहे. तिथे एका माणसाने आमच्यासाठी जुना माग चालू करून दाखवला. धोटा सुटला आणि तो खटॅक-खटॅक आवाज सुरू झाला. मामाच्या घरी दुपारी याच आवाजात आम्ही झोपायचो, वीज गेली आणि आवाज थांबला की जाग यायची. मी नवऱ्याचा हात घट्ट धरून उभी राहिले. त्या माणसाने विचारलं, आधी माग बघितलाय का? मी म्हटलं, मी मागाच्या गावची आहे.

कोपनहेगन आणि ओस्लोला आम्ही पुष्कळदा जातो. कोपनहेगनची स्त्रोयेट ही पायी फिरायची बाजारवाट नोव्हेंबर १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाली तेव्हा गाडीतून गिऱ्हाईक येणार नाही म्हणून दुकानदार घाबरले होते. माणसं उलट वाढली. महाद्वार रोडला दिवाळीच्या आधी पोलीस दोरी लावून गाड्या थांबवतात ते आठ दिवस मला तिथे कायमचे दिसतात. स्त्रोयेटच्या टोकाला, कोंगेन्स न्यूतोर्व चौकात, मागासिन द्यू नोर हे भलंमोठं जुनं दुकान आहे. डॅनिश बायका स्वीडिश बायकांपेक्षा रंगाला कमी भितात, हे मात्र नक्की. ओस्लोत रविवारी कायद्यानेच बहुतेक दुकानं बंद असतात, किराणा विकणारी अगदी छोटी दुकानं सोडून, आणि सगळं शहर रानात फिरायला गेलेलं असतं. तिथे कुणाच्याही अंगावर दिसणारा निळा-पांढरा-लाल मारियुस स्वेटर १९५३ साली उन सोइलांद दाले यांनी आखला. आजी विणते, नातू घालतो, नातवाचा लहान भाऊ घालतो. लहान भावापाशी येईपर्यंत कोपरं दोनदा विणून झालेली असतात.

मी खऱ्या अर्थाने या शहरांतल्या बाजारात रुळले ती जुन्या कपड्यांच्या दुकानांत. आपल्याकडे हे लिहिताना हात थोडा थांबतो, कारण उतरलेला कपडा घालणं म्हणजे दारिद्र्य, असं आपण मानतो. मीही मानायचे. इथे मिरोर्ना, म्हणजे मुंग्या, या नावाची दुकानं आहेत, साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची. स्टॉकहोम्स स्तादमिशन या धर्मादाय संस्थेची आहेत. त्यांत नोकरदार बायका येतात, विद्यार्थी येतात, आणि एकदा माझ्या मुलीच्या डॉक्टरीणबाई मला तिथल्या आरशासमोर भेटल्या. उन्हाळ्यात गावोगाव लोप्पिस भरतात, लोक घरासमोर टेबल टाकून जुन्या वस्तू विकतात. एस्किलस्तुना या गावी २०१५ साली रेतुना नावाचा अख्खा मॉल निघाला, त्यात फक्त वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या वस्तू. शेजारीच नगरपालिकेचं कचरा वेगळा करायचं केंद्र. लोक गाडीतून सामान आणून देतात, ते निवडलं जातं आणि वरच्या दुकानांत जातं. तिथे उभी असताना मला आमच्या गल्लीत येणारी बोहारीण आठवली. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं, आणि एका पातेल्यासाठी आईशी तासभर चाललेली हुज्जत: ह्यो शर्ट इरलाय वहिनी, आनखी एक साडी टाका. ती बाई कापड हातानं बघायची. जुन्याचं मोल करायला आपल्याकडे माणूस होता, त्याला आपण कधी मान दिला नाही. इथे त्याच कामाला काचेचे दरवाजे आहेत आणि चांगला उजेड आहे.

माझा कोट मला स्तादमिशनच्या दुकानात मिळाला, साडेतीनशे क्रोनरना. गडद करडा, जाड लोकर. दोन बोटांत धरला तेव्हाच समजलं. लोकर दाट होती, पण कोरडी नव्हती, चोळल्यावर बोटांना किंचित तेलकट ओलावा लागल्यासारखं वाटलं. आतलं अस्तर उलटून बघितलं. लेबलवर लिहिलेलं, स्वीडनमध्ये शिवलेला. म्हणजे तो किमान चाळीस-पन्नास वर्षांचा असणार. खालची कड कुणीतरी हाताने पुन्हा टाचली होती, दोरा मूळ दोऱ्यापेक्षा एक छटा फिकट. टाके बारीक, सगळे सारखे, फक्त एका जागी, खिशाखाली, दोन टाके जरा मोठे. तिथे बहुधा उजेड कमी पडला असेल. त्याआधीच्या वर्षी मी दुसरीकडून नवा कोट घेतला होता. स्वस्त होता, दिसायला झकास, आणि तिसऱ्या महिन्यात खांद्याची शिवण सुटली. हा करडा कोट मी आता सात हिवाळे घालतेय.

दुरुस्तीचं इथे हळूहळू पुन्हा मोल वाढतंय. २०१७ साली स्वीडनने कपडे, चपला आणि सायकलींच्या दुरुस्तीवरचा कर पंचवीस टक्क्यांवरून बारावर आणला. तो दर पुढे बदलला, पण सरकारने फाटकं शिवण्याचा विचार अर्थसंकल्पात केला याचं मला फार अप्रूप वाटलं. गोथेनबर्गची न्यूडी जीन्स ही कंपनी आपल्या जीन्स जन्मभर फुकट शिवून देते, दुकानातच शिलाई मशीन मांडलेलं असतं. फ्येलरावेन या कंपनीचं जाड कापड मेणाने भिजवायचं असतं: मेणाची वडी कापडावर घासायची, मग इस्त्री फिरवायची, मेण वितळून धाग्यात शिरतं आणि कापड गडद होत जातं. आमच्या घरी दर सप्टेंबरात हे काम असतं. घरभर मधमाशांच्या मेणाचा वास सुटतो आणि मुलगी इस्त्रीशी भांडते.

मागच्या उन्हाळ्यात आण्णा आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पहिल्यांदाच विमानात बसलेले. राजवाडा बघितला, जहाजाचं संग्रहालय बघितलं, पण त्यांचं लक्ष दुकानांत. एनकोच्या चौकात उभे राहून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "उजेड चांगला ठेवलाय. उजेडाशिवाय कापड इकू नये." एका कोटाची बाही त्यांनी उलटी करून बघितली, शिवणीवरून नख फिरवलं, आणि मान हलवली. किंमत त्यांना मी सांगितली नाही. जीन्सच्या दुकानात एक दाढीवाला पोरगा मशीनवर गुडघ्याचं भोक भरत होता. आण्णा त्याच्या मागे पंधरा मिनिटं उभे. तो पोरगा ओशाळला नाही, त्याने जीन्स थोडी वळवून धरली, म्हणजे यांना नीट दिसेल.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना माझ्या जुन्या कपड्यांच्या दुकानात नेलं. सकाळची वेळ, गर्दी नव्हती. मी मुलीसाठी पावसाळी बूट शोधत होते. आण्णा शर्टांच्या टेबलाशी थांबले. ढीग विस्कटलेला होता. एक शर्ट त्यांनी उचलला, कड बोटांत धरली, लेबल माझ्याकडे करून म्हणाले, "वाच." मी वाचलं, मेड इन इंडिया. "वाटलंच," म्हणाले, "हे आपल्याकडचं सूत हाय." मग त्यांनी तो शर्ट टेबलावर पालथा ठेवला, कॉलर सरळ केली, एक बाही पाठीवर आडवी, दुसरी तिच्यावर, खालची कड वर, आणि तळहाताने वरून खाली एकदा सारखं केलं. पाटी नाही, काही नाही. दुसरा उचलला. तिसरा. मी हाक मारणार होते, "आण्णा, चला की," पण मारली नाही.

दुकानातल्या बाई काउंटरमागून बघत होत्या. पांढरे केस, गळ्यात चष्मा, तिथे बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी असाव्यात. त्या जवळ आल्या तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, आणि मी स्वीडिशमध्ये माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. घडी घातलेल्या शर्टांची चळत दोन्ही हातांनी उचलून कडा बघितल्या, सगळ्या एका रेषेत होत्या. मग सगळ्यात वरचा शर्ट त्यांनी आण्णांच्या हातात परत दिला आणि बोटाने गोल फिरवून खूण केली, पुन्हा एकदा.

आण्णांनी शर्ट झटकून उलगडला, पालथा ठेवला, बाईंना दिसेल असे जरा बाजूला सरकले आणि कॉलरपासून सुरुवात केली.